वेदनाशामक वनस्पती वापरताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

डोके दुखो वा गुडघा, जगातल्या जवळपास प्रत्येक पारंपरिक वैद्यकपद्धतीत त्यावर एखादी साल, एखादे मूळ किंवा पानांचा लेप सांगितलेला असतो. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्याला माहितीची वाण नसते. उलट, त्याच्या हाती येणाऱ्या याद्या भल्या मोठ्या असतात आणि त्यांत लवंग, अफू, हळद आणि बचनाग एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेले असतात. प्रत्यक्षात यांतील पहिली दाताला जपून लावायची असते, दुसरीवर बहुतेक देशांत कायद्याचे कडक नियंत्रण असते, तिसरी पोटात घेतली तरी रक्तात फारशी पोहोचत नाही आणि चौथी थोड्याशा चुकीने जीव घेऊ शकते. म्हणून ‘अमुक वनस्पती दुखण्यावर चालते का’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या दुखण्यावर, वनस्पतीचा कोणता भाग, कोणत्या मार्गाने आणि किती दिवस, ही चारही उत्तरे हाती आल्याशिवाय काहीही लावू नये आणि घेऊ तर मुळीच नये. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी १: दुखणे घरी हाताळण्याजोगे आहे का, ते आधी ठरवा

छातीत दाब येऊन दुखणे, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, तापासोबत मान आखडणे, कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा जांघेभोवती बधिरपणा येणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, एखादा सांधा एकाएकी लाल व गरम होऊन ताप येणे, पोटात सतत वाढत जाणारी कळ येणे, यांपैकी काहीही असल्यास वनस्पतींचा विचार बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. येथे वेदना हीच निदानाची मोठी खूण असते आणि ती दडपल्याने वेळ वाया जातो.

हे वगळून जे दुखणे उरते त्याची जात ओळखावी. मुरगळणे, मुका मार, झिजलेला गुडघा यांत ऊतींना इजा किंवा दाह असतो. नागीण बरी झाल्यावर उरणारी आग, मधुमेहात तळपायांना येणाऱ्या मुंग्या व चटके यांत खुद्द मज्जातंतूच बिघडलेले असतात. पाळीतील कळा किंवा आतड्यातील मुरडा यांत स्नायू आकडतात. ही विभागणी ढोबळ आहे आणि एका माणसाला दोन जातींचे दुखणे एकाच वेळी असू शकते, पण वनस्पती निवडताना तिचा फार उपयोग होतो, कारण दाह कमी करणारा राळेचा अर्क मज्जातंतूंच्या आगीवर सहसा निष्प्रभ ठरतो आणि आकडी सोडवणारे तेल झिजलेल्या कूर्चेला काही करू शकत नाही.

पायरी २: वनस्पती वेदनेच्या मार्गात नेमकी कोठे काम करते, ते समजून घ्या

इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, ती तेथील मज्जातंतूंची टोके हळवी करतात, ही टोके संदेश मज्जारज्जूकडे धाडतात आणि पुढे मेंदूत त्याची वेदना म्हणून जाणीव होते. या साखळीत कोठेही अडथळा आणता येतो.

पहिल्या टप्प्यावर काम करणारे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण विलो वृक्षाच्या सालीचे आहे. इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मगुरूने तापावर या सालीची भुकटी देऊन पाहिली आणि १७६३ मध्ये आपली निरीक्षणे रॉयल सोसायटीला कळवली. १८२८ मध्ये योहान बुखनर यांनी त्यातून सॅलिसिन हे कडू द्रव्य वेगळे केले, आणि १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध स्वरूपात बनवलेले त्याचे दूरचे भावंड १८९९ पासून ॲस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. तरीही ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते हे जॉन व्हेन यांनी दाखवले ते १९७१ मध्ये. म्हणजे औषध गुण देत होते आणि ते का देते हे मात्र सत्तरहून अधिक वर्षे ठाऊक नव्हते. परंपरेतील एखाद्या उपायामागचे कारण आज सांगता येत नसेल तर तो खोटाच, असे म्हणण्याची घाई म्हणूनच करू नये. आणि कारण सांगता आले म्हणजे गुण सिद्ध झाला, असेही मानू नये.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला अफू आहे. तिच्यातील मॉर्फिन फ्रीडरिश सेर्टुर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी वेगळे केले. ते मेंदू आणि मज्जारज्जूतील ओपिऑइड रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे ठरावीक द्रव्य बसले की पेशीला संदेश देणारी तिच्यावरची रचना) बसते, त्यामुळे तीव्र वेदनाही शमते, पण श्वास मंदावतो आणि सवय लागते. हा संपूर्ण वर्ग घरगुती प्रयोगाच्या बाहेरचा आहे. आग्नेय आशियातील क्रेटमच्या पानांतील मायट्राजायनिन हेही याच रिसेप्टरवर काम करते, तेव्हा ‘पानेच तर आहेत’ या समजुतीने ती चघळायला जाऊ नये.

मिरचीतील कॅप्सेसिनची गोष्ट आणखी वेगळी आहे. उष्णतेची जाणीव करून देणारा मज्जातंतूवरील टीआरपीव्ही-१ हा रिसेप्टर कॅप्सेसिनमुळे उघडतो, म्हणून मिरचीने ‘भाजते’. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा रिसेप्टर ओळखला आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. तोच तोच मारा होत राहिला की ती टोके थकतात, वेदनेचे संदेश पाठवणे कमी करतात आणि काही काळ मागेही सरतात. वेदना देणाऱ्या द्रव्यानेच वेदना शमते ती अशी. (पक्ष्यांमधील हाच रिसेप्टर कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात.) पुदिन्याच्या जातीतील मेंथॉल याच पद्धतीने थंडीचा रिसेप्टर चेतवते आणि गारव्याची जाणीव वेदनेवर मात करते.

पायरी ३: नाव, जात आणि भाग यांची खातरजमा करा

पारंपरिक औषधांत सर्वाधिक फसगत येथे होते. ‘रास्ना’ हे वेदना आणि सूज यांवरील प्रसिद्ध नाव घ्या. या एका नावाने काही भागांत प्लुचिया लान्सिओलाटा या झुडपाची पाने वापरतात, काही भागांत अल्पिनिया गलांगा म्हणजे कुलिंजनाचा कंद, तर काही ठिकाणी झाडावर वाढणाऱ्या वांडा या ऑर्किडची मुळे. तिन्हींची कुळे वेगळी आणि घटकद्रव्येही वेगळी. एकीवर झालेल्या अभ्यासाचा दाखला दुसरीच्या पुडीला लागू होत नाही.

म्हणून वेष्टनावर तीन गोष्टी शोधाव्यात: शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि त्यातील मुख्य घटकाचे प्रमाण. ‘हळद ५०० मिलिग्रॅम’ आणि ‘हळदीचा अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइडे, ५०० मिलिग्रॅम’ (म्हणजे हळदीतील कर्क्युमिन व त्याची जवळची द्रव्ये) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या हळदपुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते, त्यामुळे ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिनसाठी सुमारे १६ ते १७ ग्रॅम पूड लागेल. नुसतेच ‘दहास एक अर्क’ असे लिहिले असेल तर दहा भाग वाळलेल्या वनस्पतीपासून एक भाग अर्क काढला एवढेच कळते, त्यात गुणकारी द्रव्य किती उतरले ते कळत नाही. तिन्हींपैकी एकही गोष्ट लिहिलेली नसेल, तर ते उत्पादन परत ठेवावे.

रानातून स्वतः गोळा करण्याच्या फंदात नवख्याने पडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी ४: पुरावा कोणत्या पातळीचा आहे, ते तपासा

‘संशोधनाने सिद्ध’ या दोन शब्दांआड बहुधा उंदीर असतो. वेदनाशामक गुण तपासण्याच्या नेहमीच्या चाचण्यांत उंदराला तापलेल्या पृष्ठभागावर ठेवून तो पाय कधी उचलतो ते मोजतात, शेपटीवर उष्णता देऊन ती किती वेळात हलते ते पाहतात, किंवा पोटात सौम्य ॲसिटिक आम्ल टोचून तो किती वेळा पिळवटतो ते मोजतात. या चाचण्यांना अर्थ आहे, पण त्यांत दिलेली मात्रा बहुधा फार मोठी असते आणि कित्येकदा ती थेट पोटाच्या पोकळीत टोचलेली असते. अशा चाचणीत शेकडो वनस्पतींचे अर्क ‘वेदनाशामक’ ठरले आहेत. माणसांतील चाचणीपर्यंत पोहोचलेल्या मात्र मोजक्याच. निर्गुंडीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या पानांचा शेक आणि लेप परंपरेत सर्वत्र सांगितला जातो, प्राण्यांतील प्रयोगही अनुकूल आहेत, पण माणसांतील भक्कम चाचण्या थोड्या आहेत. बाहेरून शेकायला ती वापरण्यास हरकत नाही, कारण उष्णतेचा फायदा तर मिळतोच. पोटात घेण्यासाठी एवढा आधार पुरत नाही.

माणसांतील चाचणी वाचतानाही किती जण होते, तुलना कशाशी केली आणि किती आठवडे पाहिले, हे विचारावे. शल्लकी म्हणजे सालई वृक्षाच्या राळेवरची २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली गुडघेदुखीची चाचणी अनुकूल होती, पण त्यात ३० रुग्ण होते आणि प्रत्येक टप्पा ८ आठवड्यांचा होता. पुढे इतर चाचण्यांनीही साधारण त्याच दिशेने कौल दिला, त्यामुळे आज शल्लकीला गुडघ्याच्या झिजेत ‘थोडा पण खरा उपयोग संभवतो’ असे म्हणता येते. विलोच्या सालीची २००० मधील कंबरदुखीची चाचणी अधिक शिकवणारी आहे. २१० रुग्णांचे तीन गट केले होते आणि चौथ्या आठवड्यात वेदनामुक्त झालेल्यांचे प्रमाण औषध नसलेली निर्गुण गोळी घेणाऱ्यांत ६ टक्के, रोज १२० मिलिग्रॅम सॅलिसिन घेणाऱ्यांत २१ टक्के आणि २४० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ३९ टक्के निघाले. मात्रेबरोबर गुण वाढताना दिसतो तेव्हा योगायोगाची शंका बरीच कमी होते. मात्र दुपटीच्या मात्रेवरही निम्म्याहून अधिक जण वेदनामुक्त झाले नव्हते, हेही त्याच आकड्यांत आहे.

पायरी ५: सुरुवात बाहेरून लावण्याच्या उपायांनी करा

त्वचेवर लावलेले द्रव्य रक्तात तुलनेने कमी जाते, इतर औषधांशी त्याची गाठ क्वचित पडते आणि त्रास झाला तर धुऊन टाकता येते. नवख्याने पहिले काही महिने याच वर्गात राहावे.

कॅप्सेसिन मलम ०.०२५ ते ०.०७५ टक्के तीव्रतेचे मिळते. वाटाण्याएवढे मलम दुखऱ्या गुडघ्यावर दिवसातून तीन ते चार वेळा चोळून जिरवावे. त्वचा कोरडी व थंड असावी. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर लगेच लावल्यास किंवा वरून शेक दिल्यास आग असह्य होते. हातमोजा घालावा किंवा लावून झाल्यावर साबणाने हात नीट धुवावेत. नुसत्या पाण्याने कॅप्सेसिन निघत नाही, कारण ते पाण्यात विरघळत नाही; आधी थोडे खाद्यतेल चोळून मग साबण लावला तर चटकन निघते. डोळे, ओठ, जखम यांपासून ते दूर ठेवावे. पहिले काही दिवस चांगलीच आग होते आणि बहुतेक जण तेथेच मलम फेकून देतात, पण खरा गुण दिसायला दोन ते चार आठवडे सलग लावावे लागते. मधूनच लावल्यास आग तेवढी होते आणि आराम मिळत नाही. मिरची वाटून केलेला लेप हा या मलमाला पर्याय नव्हे, कारण त्यातील तीव्रता कोणालाच ठाऊक नसते आणि त्वचेवर फोड उठू शकतात. नागिणीनंतरच्या आगीसाठी ८ टक्क्यांची पट्टीही असते, पण ती दवाखान्यात, देखरेखीखाली तासाभरासाठी लावतात आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा लावत नाहीत.

दातदुखीवर लवंगेचे तेल उपयोगी पडते, कारण त्यातील युजेनॉल मज्जातंतूंतील संदेशवहन रोखते. दंतवैद्य झिंक ऑक्साइडबरोबर त्याचे तात्पुरते भरण करतात. एक थेंब तेल पाच-सहा थेंब खाद्यतेलात मिसळून कापसाच्या बोळ्याने फक्त दुखऱ्या दाताला टेकवावे आणि लाळ गिळू नये. निर्भेळ तेलाने हिरडी भाजते. लहान मुलांच्या हाती ही बाटली लागता कामा नये, कारण पोटात गेल्यास यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आराम पडला तरी दाताची कीड किंवा मुळाशी झालेला पू जागच्या जागी राहतो, तेव्हा दंतवैद्याची भेट टाळू नये.

ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीवर १० टक्के पेपरमिंट तेलाचे अल्कोहोलमधील द्रावण कपाळाला व कानशिलांना लावण्याचा उपाय १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचा ठरला होता. तान्ह्या बाळांच्या चेहऱ्याजवळ मेंथॉल लावू नये, त्यांचा श्वास अडखळू शकतो. बोटांच्या सांध्यांच्या झिजेवर अर्निका या युरोपीय फुलझाडाच्या जेलने आयबुप्रोफेनच्या जेलइतका आराम दिल्याचे आढळले आहे, पण अर्निकाचा अर्क पोटात विषारी आहे. मुरगळलेल्या घोट्यावर लावायचे कॉम्फ्रे या युरोपीय वनस्पतीचे मलम थोडेच दिवस आणि केवळ अखंड त्वचेवर वापरावे, कारण त्यातील पायरोलिझिडिन अल्कलॉइडे यकृताला घातक असतात.

बिब्ब्याचा चटका मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नये. त्याच्या तेलाने त्वचा जळते, फोड येतात, आणि ॲलर्जी असलेल्याला सर्वांगावर पुरळ उठू शकते.

कोणतेही मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत लावून एक दिवस पाहावे.

पायरी ६: पोटात घेण्यापूर्वी स्वतःची औषधे आणि आजार समोर मांडा

विलोची साल म्हणजे शरीरात गेल्यावर सॅलिसिलिक आम्ल. म्हणून ॲस्पिरिनची ॲलर्जी, जठरव्रण, मूत्रपिंडाचा आजार, ॲस्पिरिनने उसळणारा दमा, गर्भारपण यांत ती वर्ज्य आहे, आणि १६ वर्षांखालील मुलांना देऊ नये, कारण या वर्गातील औषधांचा रेय सिंड्रोम या दुर्मीळ पण घातक आजाराशी संबंध जोडला गेला आहे. वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर विलो, मोठ्या मात्रेतील आले, कर्क्युमिनचे अर्क आणि दक्षिण आफ्रिकेकडील डेव्हिल्स क्लॉचे मूळ, यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. डेव्हिल्स क्लॉ कंबरदुखीवर काहीसे उपयोगी आहे, पण जठरव्रण असलेल्यांनी टाळावे.

पाळीच्या दुखण्यावर आल्याच्या पुडीच्या चाचण्या बऱ्यापैकी अनुकूल आहेत. त्यांत पहिले तीन-चार दिवस रोज ७५० ते २००० मिलिग्रॅम पूड विभागून दिली होती. काही जणींना छातीत जळजळ होते, ती जेवणानंतर घेतल्यास कमी होते.

कर्क्युमिन मुळात फारच कमी शोषले जाते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील पायपरिन अवघे २० मिलिग्रॅम दिल्यावर शोषण सुमारे वीस पटींनी वाढले, तेव्हापासून दोन्ही एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. मात्र पायपरिन इतर औषधांच्या विघटनातही ढवळाढवळ करते, आणि अशा तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी झाल्या आहेत. डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली तर गोळी त्याच दिवशी थांबवून तपासणी करावी.

बचनागाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण वेदनेवरील अनेक पारंपरिक योगांत तो असतो. त्यातील ॲकोनिटिन हृदयाच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते आणि शुद्ध ॲकोनिटिनचे २ मिलिग्रॅमही प्राणघातक ठरू शकतात. दीर्घकाळ उकळल्याने त्याचे बरेच विष उतरते, म्हणूनच परंपरेत शोधनाचा संस्कार सांगितला आहे, परंतु तो पुरेसा झाला की नाही हे चवीने वा रंगाने ओळखता येत नाही. जीभ व ओठ बधिर होऊन झिणझिणू लागले तर ती पहिली खूण समजावी आणि छाती धडधडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कच्चा बचनाग आणि धोत्रा घरात आणूच नयेत.

पायरी ७: मोजूनमापून चाचणी घ्या

वेदना स्वभावतःच वरखाली होते आणि माणूस उपाय करतो तो ती सर्वाधिक असताना, त्यामुळे त्यानंतर जे काही केले त्याला श्रेय मिळते. यावर सोपा उतारा असा की उपाय सुरू करण्याच्या आधी आठवडाभर रोज ठरावीक वेळी वेदनेला ० ते १० मधील आकडा द्यावा, सोबत एखादे ठरलेले काम, जसे जिना चढणे, किती त्रासाचे झाले तेही लिहावे, आणि उपाय सुरू झाल्यावर हीच नोंद चालू ठेवावी. एका वेळी एकच वनस्पती वापरावी. आठवड्याच्या सरासरीत २ गुणांची किंवा सुमारे ३० टक्क्यांची घट झाली तर ती अर्थपूर्ण धरतात. शल्लकी किंवा विलोला चार ते आठ आठवडे द्यावेत. तोवर आकडा हलला नाही तर मात्रा वाढवत न बसता उपाय सोडून द्यावा.

उलट प्रकारही सावध करणारा आहे. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून घेतलेल्या पुडीने जुनाट सांधेदुखी दोन दिवसांत पूर्ण थांबली, भूक वाढली, काही आठवड्यांत चेहरा गोल सुजल्यासारखा दिसू लागला आणि पुडी चुकली की दुखणे दुप्पट जोराने उसळले, तर त्यात डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक औषध मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते. अशी भेसळ अनेक देशांतील औषध नियंत्रकांना तपासणीत वारंवार सापडली आहे. कोणतीही वनस्पती एवढ्या वेगाने एवढा गुण देत नाही. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: बरेच आठवडे घेतलेली अशी पुडी मनाने एकदम बंद करू नये. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे शरीराची स्वतःची निर्मिती थंडावलेली असते आणि अचानक थांबवल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. उरलेली पुडी वेष्टनासकट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे आणि ती किती दिवस, किती वेळा घेतली ते सांगावे, म्हणजे योग्य मात्रेतील औषध देऊन ते हळूहळू कमी करता येते.

शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल, तर पोटात घेत असलेल्या प्रत्येक वनस्पतीचे नाव, मात्रा आणि शेवटचा डोस केव्हा घेतला ते आधीच कळवावे. रक्तस्रावावर परिणाम करणारे अर्क सर्वसाधारणपणे दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. वेदनेची नोंदवही आणि बाटलीचे वेष्टन सोबत नेले की तोंडी सांगताना राहून जाणारे तपशीलही डॉक्टरांपुढे येतात.